अडतीस तांबे पाणी

“पाणी कोण घालतं?” इरण्णांनी विचारलं.

आता बघा, मी चैत्राच्या उन्हात, जुळे सोलापुरातून पार विजापूर रस्त्याच्या टोकापर्यंत, परातीएवढी कुंडी मांडीवर घेऊन रिक्षातून आलेली. साडीचा बोऱ्या वाजलेला. रिक्षावाल्याने वाटेत दोनदा विचारलं होतं, “मावशी, हे झाड मोठं कधी होणार?” आणि मी दोनदा सांगितलं होतं, “झालंय ते मोठं. सव्वीस वर्षांचं आहे, तुझ्याहून थोरलं.” एवढा जिवाचा आटापिटा करून नर्सरीत पोचावं, तर हा माणूस झाडाकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघून विचारतोय, पाणी कोण घालतं.

“मीच घालते. घरात दुसरं आहे कोण?” मी म्हटलं.

“रोज?”

“लागेल तसं.”

“म्हंजे कवा?”

“आठवण होईल तेव्हा,” मी म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, म्हातारा डोळे रोखून बसला होता.

इरण्णा तेव्हा सत्तरीचे असतील. बोनसाय करणारी सगळी मंडळी, आमचे हेसुद्धा, त्यांच्याकडूनच माती न्यायची. त्यांनी कुंडी पुढे ओढली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी तसंच वर उभं राहिलं, डबक्यासारखं. मग कुंडी तिरकी करून खालच्या भोकाला नाक लावलं आणि मान हलवली.

“बुडाची मुळं कुजल्यात, वैनी. पानं पिवळी पडायलेत ती काय उन्हानं न्हाय आन तहानेनं बी न्हाय. पाण्यानं. एवढं पाणी कवा पाजलं ह्याला?”

मग मला सगळं सांगावंच लागलं.

झाड माझं नव्हतं. आमच्या ह्यांचं. हे औषधं विकायच्या फिरतीच्या नोकरीत होते. कुठल्याशा दवाखान्याच्या भिंतीत उगवलेलं वडाचं रोप उपटून घरी आणलं आणि त्याला बोनसाय करत बसले. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. रविवारी नवरा घरी असायचा आणि तो अख्खा रविवार त्या कुंडीपुढे उकिडवा बसायचा. तारा गुंडाळ, पानं खुड, मुळं काप. मी त्या झाडाला तोंडावर सवत म्हणायचे. मग त्या चैत्राच्या चार वर्षं आधी हे अचानक गेले आणि सवत तेवढी माझ्या पदरात टाकून गेले.

त्यात आमच्या सोसायटीपुढचा रस्ता रुंद झाला आणि कोपऱ्यावरचा खराखुरा वड गेला. वटपौर्णिमा तोंडावर आलेली. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या कमळाक्का देशमाने माझ्याकडे आल्या. वय पासष्ट, आवाज असा की खालच्या पार्किंगमधली माणसं वर बघतात. म्हणाल्या, “लीला, तुझ्याकडे वड आहे.”

“अक्का, तो कुंडीतला आहे. हातभर.”

“वड तो वड! देव काय फूटपट्टी घेऊन बसलाय?”

झालं. पहिल्या वर्षी वीस बायका आल्या. दुसऱ्या वर्षी शेजारच्या दोन सोसायट्यांत बातमी पोचली आणि अडतीस आल्या. प्रत्येकीच्या हातात तांब्या. वटपौर्णिमेला वडाला पाणी न घालता कोण जातं? कुणी पाण्यात दूध घातलेलं, कुणी हळद. अडतीस बायकांनी अडतीस तांबे ओतले.

हे ऐकून इरण्णा हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत हसले. “अडतीस तांबे! ओ वैनी, मानसाला पाजले तर मानूस जगंल व्हय?”

“तुम्ही हसा. मला सांगा, जगेल का हे?”

“जगंल. वडाची जात चिवट. माती बदलाय पायजे, आठ दिवसांच्या आत. पर कुठली माती घालायची ते तुमी ठरवायचं.”

“मला काय कळतंय त्यातलं? तुम्हीच ठरवा.”

“मला न्हाय ठरवता येत. माती झाडाकडं बघून न्हाय कालवायची. पाणी घालणाऱ्या हाताकडं बघून कालवायची.” त्यांनी दोन घमेली पुढे ओढली. “ही बघा, काळी माती निम्मी. पाणी धरून ठेवती. दोन-तीन दिवसांतनं एकदा घातलं तरी चालतं, चार दिवस गावाला गेला तरी काळजी न्हाय. पर पुन्हा ह्याला वटपौर्णिमेला बसवायचं नाव काढायचं न्हाय. आन ही दुसरी. भाजक्या विटेचे खडे, भीमेची जाड वाळू, मूठभर कुजकं शेणखत, वाईच निंबोळी पेंड. अडतीस काय, शंभर तांबे वता, खालनं भडाभडा निघून जाईल. पर सोलापूरचा उन्हाळा हाय. रोज दोनदा पाणी. सकाळी आन संध्याकाळी. दोन दिवस चुकलं की चुलीत घालायचं लाकूड.”

मी झाड परत मांडीवर घेऊन घरी आले.

आता तुम्ही म्हणाल, यात ठरवायचं ते काय? तर माझी लेक तनुजा बडोद्याला असते. ती सहा महिने माझ्यामागे लागली होती. फ्लॅट भाड्याने दे आणि आमच्याकडे ये, कायमची. माझी खोली तयार होती, पडदेसुद्धा लावून झाले होते. मी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही. जूनच्या आत यायचं, एवढं तिनेच ठरवून टाकलं होतं.

त्याच रात्री तिचा फोन आला. मी तिला झाडाचं सांगितलं.

“आई, देऊन टाक ना कुणाला तरी. बाबांच्या बोनसाय ग्रुपमधले ते काका घेतील.”

“घेतील की.”

“मग अडचण काय आहे?”

अडचण काय आहे ते मला धड सांगता येईना. सांगायचं तर असं सांगावं लागलं असतं, की हे गेल्यापासून मला कुणी हळदीकुंकवाला बोलवत नाही. वाईट कुणीच वागत नाही, जिन्यात भेटलं की बोलतात, भाजी आणून देतात. पण बोलवत नाहीत. आणि वर्षात एकच दिवस असा येतो की माझ्या दाराबाहेर अडतीस जोडी चपला असतात. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभी राहून कोकमचं सरबत करते आणि बाहेरचा गलका ऐकते. बाहेर जात नाही. विधवा बाईने पूजेत पुढे पुढे करू नये हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते आपलं माहीतच असतं. पण घर भरलेलं असतं. मला तो दिवस फार आवडतो. हे असं फोनवर लेकीला कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी कमळाक्का सहज डोकावल्या आणि झाड बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

“अगं बाई! हे आम्ही केलं?”

“तुम्ही एकट्यांनी नाही. अडतीस जणींनी.”

“हसतेस काय मेले, आम्हाला पाप लागलं!” त्या खुर्चीत बसल्या. झाडाकडे बघत म्हणाल्या, “राहू दे या वर्षी. मंडईतून फांद्या आणू आणि माझ्याकडे पूजा करू. तू उगीच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. आणि तूही बडोद्याला जाणारच आहेस म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“तनुजा म्हणाली. परवा फोन केला होता तिने मला. आईला समजवा म्हणाली.”

म्हणजे सगळ्यांचं ठरलं होतं. माझंच तेवढं राहिलं होतं. आणि खरं सांगते, मला हायसंही वाटलं. ना झाड, ना पाणी, ना सरबत. बडोद्याला नातवंडांत बसावं, गरम जेवावं. मला कोणती माती झेपणार हे काय मला कळत नव्हतं? मी जन्मात कधी एका झाडाला वेळेवर पाणी घातलेलं नाही. तुळससुद्धा माझ्या हातून दोनदा वाळली.

चौथ्या दिवशी मी पुन्हा झाड घेऊन इरण्णांकडे गेले आणि सांगून टाकलं, “ती काळी माती द्या. पाणी धरून ठेवणारी. मी झाड ह्यांच्या एका मित्राला देणार आहे, मी चालले बडोद्याला.”

“बरं,” इरण्णा म्हणाले. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी बोलतील.

त्यांनी कुंडीच्या कडेने पातळ पट्टी फिरवली आणि झाड अलगद उपसून पोत्यावर आडवं ठेवलं. मातीचा गोळा कुंडीच्या आकाराचा, घट्ट, खालून काळाठिक्कर आणि वास मारणारा. नळाखाली धरून त्यांनी ती माती बोटांनी सोडवली. कुजलेली मुळं हाताला लागताच निघून येत होती. ती कात्रीने छाटली, चांगली ठेवली. झाड नागडं झालं तेव्हा मला कसंतरीच वाटलं. सव्वीस वर्षं मी त्याला सवत म्हणत आले आणि त्याची मुळं किती बारीक आहेत हे कधी बघितलं नव्हतं.

खोडाच्या उजव्या बाजूला एक गाठ होती. तिच्यावरून अंगठा फिरवत इरण्णांनी विचारलं, “ही फांदी कशी गेली ठाव हाय का?”

“ह्यांनीच कापली असेल. आकारासाठी.”

“आकार कसला ओ! वाळून गेली ती. साहेबांना मी पयल्यांदा हलकी मातीच दिली हुती, विटेच्या खड्यांची. बोनसायला तीच खरी. साहेब फिरतीवर गेले लातूरला, पाच दिवस. आले तर झाड वाळलेलं. घेऊन आले माझ्याकडं, कसंबसं वाचवलं. फुडच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. तवा ही फांदी गेली.”

मी त्या गाठीकडे वाकून बघितलं.

“तिसऱ्यांदा आले आन म्हणाले, इरण्णा, पाणी धरून ठेवणारी माती कालव. मी म्हटलं, साहेब, ही माती बरी न्हाय बोनसायला, आज ना उद्या मुळं कुजणार. तुमी वैनीला सांगा की, दोन तांबे घालाय काय जातंय? तर म्हणाले, सांगून बघितलं. ती घातलं म्हणती. तिला झाडाचा कंटाळा हाय, राहू दे. एका कुंडीपायी घरात कटकट नको. मानूस बदलण्यापरीस माती बदलू.” इरण्णा हसले. “लई चांगला मानूस.”

काळ्या मातीचं घमेलं त्यांनी पुढे ओढलं. मी तिथेच उलट्या ठेवलेल्या एका कुंडीवर बसले.

हे फिरतीवरून यायचे ते रात्रीच्या जेवणाच्या वेळेला. बॅग खाली ठेवायच्या आधी विचारायचे, “झाडाला घातलंस का पाणी?” मी भाकरी थापता थापता म्हणायचे, “घातलं.” मागे वळूनसुद्धा बघायचे नाही. घातलेलं नसायचंच. पुढे कधीतरी त्यांनी विचारणं बंद केलं. मला वाटलं, चला, याचं डोकं ताळ्यावर आलं, झाडाचं वेड जरा उतरलं. मी जिंकले असंच मला वाटलं होतं. वीस वर्षं मी त्या जिंकण्यावर खूश होते.

मला रडू यायला पाहिजे होतं. आला तो राग. असा राग आला की इरण्णांच्या नर्सरीतल्या सगळ्या कुंड्या फोडाव्यात. अरे माणसा, एक शब्द बोलायचं होतंस ना! वाळलेलं झाड माझ्यापुढे आदळायचं, ओरडायचं, दोन दिवस जेवायचं नाही. बाकीची माणसं नाही का बायकोशी भांडत? मी भांडले असते, रडले असते आणि मग घातलं असतं की पाणी! लबाड, खोटारडी बायको आहे म्हणून समजून घेतलंस आणि गपचूप जाऊन माती बदलून आलास. आणि आता कुणाशी भांडू मी? मेलेल्या माणसावर रागावण्याइतकं दुसरं बिनकामाचं काम नाही.

इरण्णांनी पहिली मूठ कुंडीत घातली.

“थांबा,” मी म्हटलं. “ती परत ओता.”

“का ओ?”

“हलकी द्या. विटेची. पाणी मी घालणार आहे. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला.”

“आन बडोदा?”

“बडोदा कुठे पळून जातंय?”

इरण्णांनी हात झटकले आणि माझ्याकडे बघितलं, अगदी पहिल्या दिवशी बघितलं होतं तसं. “वैनी, मी काय स्टँप पेपरवर लिहून घेत न्हाय. पर चुकलात तर मला शिव्या द्यायला येऊ नका.”

“येईन. शिव्या द्यायलाच येईन. कुणाला तरी देऊ देत मला.”

ते पुन्हा खोकला लागेपर्यंत हसले. पण एक घोळ होता. त्यांच्याकडे चाळलेले खडे संपले होते. भट्टीवरून आणलेल्या फुटक्या विटांचा चुरा होता, पोतंभर, त्यात खडे, भुकटी, धूळ सगळं एकत्र. झाड ओल्या पोत्यात गुंडाळून ते सावलीत ठेवणार होते आणि मी सकाळपर्यंत खडे तयार करून आणायचे होते. “ज्वारीच्या दाण्याएवढे आन तुरीच्या दाण्याएवढे. त्याच्यावर न्हाय, त्याच्याखाली न्हाय. आन धूळ अजाबात नको. धूळ खाली जाऊन बसली की तिचा चिखल होतो, मग काळी माती काय वाईट हुती?”

संध्याकाळी मी गच्चीवर सतरंजी टाकून चाळण्या घेऊन बसले. अर्ध्या तासात कळलं, की चाळणीने दाणा सारखा होतो, पण धूळ त्याला चिकटूनच राहते. मग घरात जाऊन सूप आणलं. विटा पाखडायला लागले तो आवाज खालपर्यंत गेला असणार, कारण कमळाक्का जिना चढून आल्या, मागोमाग आणखी तिघी.

“हे काय चाललंय गं?”

मी सांगितलं. मातीचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. ह्यांचं नाही सांगितलं, ते माझ्यापाशी ठेवलं.

“म्हणजे या मातीला आमचं पाणी चालेल?” अक्कांनी विचारलं.

“शंभर तांबे चालतील म्हणाले. पण दूध नको, हळद नको. नुसतं पाणी. आणि कुंकू खोडाला नाही, कुंडीच्या कडेला.”

अक्का खाली गेल्या आणि स्वतःचं सूप घेऊन आल्या. त्या तिघींनीही आणली. सूर्य मावळेपर्यंत आम्ही पाच जणी फक फक पाखडत होतो. “जन्मभर ज्वारी पाखडली, तांदूळ पाखडले,” अक्का म्हणाल्या, “आता लीलाबाईंच्या कृपेने विटा पाखडतोय. उद्या दगडाचं पीठ मळायला लावेल ही.” लाल धुळीने सगळ्यांच्या भुवया रंगल्या होत्या. कुणीतरी कुणाला म्हणालं, तुझं तोंड बघ, शिमग्यातल्या सोंगासारखं झालंय. असं हसू मला कित्येक दिवसांत आलं नव्हतं. पाच बायका, पाच सुपं आणि उडणारी धूळ, मला अगदी तृप्त वाटत होतं, उगीच लपवून कशाला ठेवू?

सकाळी इरण्णांनी खड्यांत हात घातला, मूठ भरून घेतली, बोटांतून सोडली. तळहाताला धूळ लागली नाही. “हे कुणी केलं?” म्हणाले. “माझ्या गड्यांना जमत न्हाय असलं.” झाड बसवलं, मुळांच्या फटींत लाकडी काडीने खडे सरकवले, खालून तारेने बांधलं. वरून झारी धरली तर पाणी वर क्षणभरही थांबलं नाही, खालून वाहायला लागलं.

मी तनुजाला फोन केला. ती अपेक्षेप्रमाणे चिडली.

“एका झाडासाठी तू येत नाहीस?”

“झाडासाठी नाही गं. मला जमतंय का ते बघायचंय.”

“काय जमतंय का?”

“रोज पाणी घालायला.”

ती म्हणाली, “आई, तू बरी आहेस ना?”

“ठणठणीत आहे. दिवाळीला येते चार दिवस. आणि पडदे धुऊन ठेव.”

तो उन्हाळा मी विसरणार नाही. वैशाखात पारा चव्वेचाळीसवर गेला. मी पहाटे उठायची, झारी घेऊन बाल्कनीत. संध्याकाळी मालिका अर्धी सोडून झारी घेऊन बाल्कनीत. कुंडीभोवती ओलं पोतं. पहिले पंधरा दिवस झाडाने उरलेली पानंही टाकली आणि मी रोज सकाळी खोडाला नखाने ओरखडा काढून बघायची, आत हिरवं आहे का. हिरवं असायचं. एकदा अक्कलकोटला एका लग्नात अडकले, साडेपाच वाजले, एसटी मिळेना. घाबरून कमळाक्कांना फोन केला. किल्ली त्यांच्याकडे होतीच. त्यांनी झारी सोडून बादलीच ओतली म्हणे. पूर्वी मी धसकाच घेतला असता. आता म्हटलं, ओतू देत, माती तशीच आहे. मग दर आठवड्याला एखादा दिवस पाणी घालायचा मान अक्कांनी स्वतःकडेच घेतला.

अक्षय्य तृतीयेनंतर खोडावर बारीक लाल टोकं फुटली. मी त्यांच्याकडे इतका वेळ वाकून बघत राहिले की दूध उतू गेलं.

वटपौर्णिमेला सकाळी आठपासून चपला पडायला सुरुवात झाली. झाड नव्या पानांनी भरलं होतं, कोवळी, चकचकीत. मी कुंडी एका चौरंगावर ठेवली होती आणि खाली मोठं घंगाळ. सूत खोडाला नाही, चौरंगाला गुंडाळायचं, हे मी दारावरच कागद चिकटवून लिहिलं होतं. बायका वाचत होत्या, हसत होत्या आणि ऐकतही होत्या. एकीमागून एक तांब्या रिकामा होत होता आणि पाणी खाली घंगाळात वाजत होतं. दर दहा तांब्यांनी घंगाळ रिकामं करावं लागत होतं. मी स्वयंपाकघरातून मोजत होते. पस्तीस, छत्तीस, सदतीस. हातात सरबताची पळी होती आणि जीव कानात.

अडतिसावा तांब्या अक्कांचा. तो ओतून त्यांनी कुंडीतल्या मातीला बोट लावलं आणि अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “बायांनो, एक थेंब वर थांबला नाही!” सगळ्या हसल्या. मग अक्का स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

“लीला, चल बाहेर.”

“सरबत व्हायचंय अजून.”

“सरबत पळून जात नाही. चल. तूही घाल.”

बाहेरचा गलका एकदम थांबला. शेजारच्या सोसायटीतली एक बाई काहीतरी पुटपुटली, मला ऐकू आलं नाही, पण कळलं. अक्कांनी वळून तिच्याकडे फक्त बघितलं. मी म्हटलं, “अक्का, मी सकाळी सहालाच घातलंय. रोजच घालते.”

“ते रोजचं. आज मागायचंही असतं.”

“मी काय मागू आता?”

“ते मला काय ठाऊक? तुझं तू बघ.” आणि स्वतःचा तांब्या नळाखाली धरून भरला, माझ्या हातात दिला.

बायका बाजूला सरकल्या. मी चौरंगापुढे बसले. सात जन्म हाच नवरा मिळू दे, असं मागतात बायका. मीही ते हे जिवंत असताना वीसेक वर्षं मागितलं होतं, मागताना लक्ष बहुतेक घरच्या आमटीकडे असायचं. या वेळी माझं लक्ष कुठेच गेलं नाही. मी तांब्या तिरका केला आणि पाणी संपेपर्यंत मनातल्या मनात बोलले. तेवढंच बोलले जे मला चैत्रापासून बोलायचं होतं. पाणी खाली निघून गेलं.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. दर वर्षी मी अजून तेच मागते.

त्या दिवशी मी उठले तेव्हा डोळे पुसावे लागले आणि हसूही येत होतं. अक्कांना राहवलं नाही. माझ्या कानाला लागून, पण त्यांच्या त्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “काय मागितलंस गं?”

“भांडण,” मी म्हटलं.